वेशीपलीकडचे लग्न

गेल्या डिसेंबरात धाकट्या भावाचा फोन आला. आवाजात राग होता, पण रागाखाली दुखावलेपण जास्त होते. त्याची मुलगी सहा वर्षांपासून इंग्लंडात नोकरी करते. ग्लासगोच्या एका मुलाशी तिचे लग्न ठरले होते. मुलगा आम्हा सर्वांना पसंत होता, वाद होता तो फक्त जागेचा. भावाने पुण्यातले एक मंगल कार्यालय मनात पक्के केले होते, केटररशीही बोलणे झाले होते. आणि मुलीने कळवले, की लग्न ग्रेटना ग्रीन नावाच्या गावी करायचे आणि दोन्हीकडची मिळून चाळीस माणसे बोलवायची.

"दादा, तू इतिहासाचा माणूस," भाऊ म्हणाला. "मी त्या गावाची माहिती काढली. पळून गेलेल्यांचं गाव आहे ते. आम्ही काय तिला घरात कोंडून ठेवलंय, म्हणून ती तिथे जाऊन लग्न करणार?"

मी तीसेक वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला, पण या गावाविषयी मला जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये त्याचा उल्लेख येतो, यापलीकडे फारसे काही माहीत नव्हते. भावाला 'बघतो' म्हणालो आणि हिवाळाभर वाचत बसलो. वाचता वाचता आमच्या घरातल्याच एका जुन्या प्रसंगापाशी येऊन थांबलो. हा लेख त्या दोन्हींचा आहे.

१

डेस्टिनेशन वेडिंग हा शब्द आपल्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला. उदयपूरचे राजवाडे आणि गोव्याचे किनारे त्याने आपल्या निमंत्रणपत्रिकांत आणले. पण लग्नासाठी प्रवास करणे जुनेच आहे. आपल्याकडे लग्न मुलीच्या दारी व्हायचे आणि वऱ्हाड बैलगाड्या जोडून तिच्या गावी जायचे. वऱ्हाड गावच्या शिवेवर आले, की वधूपित्याने तिथे जाऊन वराची पूजा करायची. हे सीमान्तपूजन. आता ते आदल्या संध्याकाळी कार्यालयाच्या सभागृहातच उरकतात, आणि 'सीमान्त' म्हणजे काय हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसते. पण नावात अर्थ जपला गेला आहे. लग्न म्हणजे कोणीतरी एक सीमा ओलांडणे, आणि ती ओलांडताना पलीकडच्यांनी सामोरे येऊन स्वागत करणे.

सामोरे कोणी आलेच नाही तर? त्याचीही गोष्ट आपल्याकडे आहे आणि ती विदर्भातली आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर दाखवतात. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न तिला नको होते. तिने कृष्णाला निरोप धाडला, गावाबाहेर अंबिकेच्या दर्शनाला गेली आणि तिथून रथात बसून निघून गेली. भागवताप्रमाणे लग्न लागले द्वारकेत, तर गुजरातेत पोरबंदरजवळचे माधवपूर सांगते की ते आमच्याकडे लागले, आणि तिथे दरवर्षी त्याची जत्रा भरते. एकनाथांनी यावर 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. उपवर मुलीचे लग्न लवकर जमावे म्हणून त्या ग्रंथाचे पारायण करायला सांगण्याची रीत अनेक घरांत होती. आईवडिलांनी पसंत केलेले स्थळ जुळावे म्हणून मुलीने वाचायची ती कथा, स्थळ नाकारून निघून गेलेल्या मुलीची! ही विसंगती कोणाला खटकली असेल असे वाटत नाही.

धर्मशास्त्राने विवाहाचे आठ प्रकार मोजले, त्यांत परस्परसंमतीच्या गांधर्व विवाहालाही जागा दिली. तो श्रेष्ठ मानला नाही, पण विवाहच नव्हे असेही म्हटले नाही. जवळजवळ असाच विचार मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या कायद्यात होता. वयात आलेल्या, मोकळ्या स्त्रीपुरुषाने 'मी तुला पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकारतो' असे वर्तमानकाळात म्हटले, की विवाह झाला. पुरोहिताविना तो अनियमित ठरे, पण रद्द होत नसे. ग्रेटना ग्रीनची गोष्ट या एका नियमातून निघाली आहे.

२

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये गुपचूप लग्न लावणे हा तेजीतला धंदा होता. त्याचे केंद्र फ्लीट तुरुंगाच्या आसपास होते. कर्ज बुडवून तुरुंगात आलेले पाद्री तुरुंगाच्या हद्दीतल्या गुत्त्यांमध्ये आणि खोल्यांमध्ये पैसे घेऊन लग्ने लावत. हवी तर मागची तारीखही घालून देत. त्या लग्नांच्या वह्या आजही इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. यातून गोंधळ पुष्कळ झाले. विवाहित पुरुष दुसरे लग्न करत, दारू पाजून लग्न लावल्याच्या तक्रारी येत, वारसाहक्काचे खटले वर्षानुवर्षे चालत.

१७५३ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी यावर कायदा आणला. लग्न चर्चमध्येच झाले पाहिजे. त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर घोषणा झाली पाहिजे, किंवा रीतसर परवाना घेतला पाहिजे. एकवीस वर्षांखालील व्यक्तीचे लग्न परवान्याने व्हायचे तर पालकांची संमती हवी. घोषणेच्या मार्गाने व्हायचे तर पालक भर चर्चमध्ये उठून ते थांबवू शकत. नियम मोडून लग्न लावणाऱ्या पाद्र्याला चौदा वर्षे अमेरिकेतल्या वसाहतीत हद्दपारी. क्वेकर आणि ज्यू यांना सूट होती, राजघराण्यालाही.

हाउस ऑफ कॉमन्समध्ये कडाक्याचा वाद झाला. विरोधकांत हेन्री फॉक्स आघाडीवर होते, आणि त्यांनी स्वतः १७४४ मध्ये एका ड्यूकच्या मुलीशी तिच्या आईवडिलांना न सांगता लग्न केले होते. श्रीमंतांच्या मुली श्रीमंतांच्याच घरात राहाव्यात यासाठी हा कायदा आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. ते पूर्ण खोटे नव्हते. बेवारशी लग्नांना आळा घालणे हा एक हेतू होता, आणि घराण्याची जमीन भलत्याच्या हाती जाऊ नये हा दुसरा. एकाच कायद्यात मुलीचे रक्षण आणि मुलीवरची राखण असे दोन्ही बसवलेले होते. ही जोडी पुढे पुन्हा पुन्हा भेटते.

२५ मार्च १७५४ पासून कायदा लागू झाला. पण तो स्कॉटलंडला लागू नव्हता. इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ मध्ये एका संसदेखाली आले होते, तरी स्कॉटलंडचे न्यायव्यवहार वेगळेच राहिले. तिथे तो जुना नियम टिकून होता: साक्षीदारांसमोर दोघांनी शब्द उच्चारले की विवाह पक्का. घोषणा नको, परवाना नको, आईवडिलांची संमती नको. मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा चौदा वर्षांचा असला की पुरे. आणि असा विवाह इंग्लंडमध्येही ग्राह्य धरला जाई.

म्हणजे लंडनमधून उत्तरेला तीनशेहून अधिक मैल जायचे, सीमेवरची नदी ओलांडायची, आणि पलीकडे जे पहिले गाव लागेल तिथे थांबायचे. ते गाव ग्रेटना ग्रीन.

३

गावाने हे मागितले नव्हते. ते काही तीर्थ नव्हते, निसर्गाने फार सुंदर होते असेही नाही. कार्लाइलपासून दहाएक मैलांवरची सपाट, ओलसर जमीन. रस्ता तिथून जात होता, एवढेच त्याचे भांडवल. १७७० च्या दशकात चांगला टोलरस्ता झाला आणि घोडागाड्या थेट गावात येऊ लागल्या. १८३० मध्ये सार्क नदीवर नवा पूल झाला, तेव्हा पुलाशी असलेले टोलनाक्याचे घर सीमेच्या आणखी जवळ पडले. मग गावातली काही लग्ने या टोलनाक्याने पळवली! पूर्व किनाऱ्याकडे लॅम्बर्टन आणि कोल्डस्ट्रीम या सीमेवरच्या गावांतही असेच चालले होते. आयर्लंडहून बोटीने येणाऱ्यांसाठी पोर्टपॅट्रिक होते. सीमा जिथे जिथे रस्त्याला छेदत होती, तिथे तिथे लग्नाचे दुकान निघाले.

लग्न लावणारा पुरोहित असायला हवा असा नियमच नव्हता. त्यामुळे जो पुढे येईल तो 'प्रीस्ट'. लोकांनी त्यांना ऐरणीवरचे पुरोहित असे नाव पाडले, कारण गावातल्या चौकात लोहाराचा भाता होता आणि दोन धातू तापवून जोडणाऱ्या लोहाराने दोन जीव जोडावेत ही कल्पना लोकांना आवडली. प्रत्यक्षात पुष्कळशी लग्ने खानावळीत, नाहीतर टोलनाक्याच्या खोलीत लागत. सर्वांत गाजलेला 'प्रीस्ट' जोसेफ पेस्ली हा मुळात लोहार नव्हताच. दक्षिणेचा ठरलेला दर नव्हता. जोडप्याची गाडी, कपडे आणि घाई पाहून आकडा सांगितला जाई. पाठलाग करणारा बाप जितका जवळ, तितकी रक्कम मोठी. कार्लाइलहून गाडी हाकणाऱ्या पोऱ्यांचे ठरावीक पुरोहितांशी साटेलोटे असे, आणि ते गिऱ्हाईक नेमक्या दारात आणून सोडत. आज लग्नाचे नियोजन करणाऱ्या कंपन्या हॉटेल, मांडववाला आणि फोटोग्राफर यांची साखळी जुळवतात. तसल्या साखळीचा एक ओबडधोबड नमुना तेव्हाच तयार झाला होता.

पळून येणाऱ्यांत सगळे प्रेमवीर गरीब नव्हते. १७८२ मध्ये लंडनचे मोठे सावकार रॉबर्ट चाइल्ड यांची एकुलती मुलगी सारा हिने अर्ल ऑफ वेस्टमोरलँड यांच्याबरोबर ग्रेटना गाठले. बाप पाठलागावर निघाला, पण उशीर झाला. त्याच वर्षी तो वारला. मरण्याआधी त्याने मृत्युपत्र बदलून ठेवले होते, त्यामुळे त्याची संपत्ती जावयाच्या थोरल्या मुलाकडे न जाता सारेच्या थोरल्या मुलीकडे गेली. सीमेपलीकडे कायदा बापाला अडवत होता, पण पैसा सीमेअलीकडे होता, आणि तिथे बापाचाच शब्द चालला.

सर्वांत गमतीची गोष्ट कायद्याच्या माणसांची. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे तेव्हा न्यायव्यवस्थेतले सर्वोच्च पद होते. हार्डविक त्या पदावर असतानाच त्यांनी हा कायदा केला. त्यांच्यानंतर त्याच पदावर बसलेल्या निदान तिघांनी स्वतः स्कॉटलंडात जाऊन लग्न केले. जॉन स्कॉट, म्हणजे पुढचे लॉर्ड एल्डन, यांनी नोव्हेंबर १७७२ मध्ये न्यूकॅसलच्या बेसी सर्टीस हिला तिच्या घराच्या खिडकीतून शिडीने उतरवून नेले. ते घर आजही उभे आहे. लॉर्ड अर्स्किन यांनी पद सोडल्यावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १८१८ मध्ये थेट ग्रेटना ग्रीन गाठले. कोणी ओळखू नये म्हणून ते बाईच्या वेशात गेले होते असे सांगतात. तिसरे लॉर्ड ब्रूअम. त्यांनी १८१९ मध्ये कोल्डस्ट्रीमला असेच लग्न केले. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

४

इथपर्यंतचे वाचून मी भावाला फोन केला. म्हणालो, गाव बदनाम नाही, उलट प्रेमाच्या बाजूने उभे राहिलेले आहे. फोन ठेवला आणि पुढच्याच आठवड्यात एलन टर्नरची हकिगत वाचली.

एलन चेशायरमधल्या एका धनाढ्य कारखानदाराची एकुलती मुलगी, वय पंधरा. मार्च १८२६ मध्ये लिव्हरपूलच्या तिच्या शाळेत एक गाडी आली, आई आजारी आहे असा निरोप घेऊन. निरोप खोटा होता. एडवर्ड गिबन वेकफील्ड या जवळजवळ तीस वर्षांच्या विधुराने तो रचला होता. वाटेत त्याने तिला सांगितले की तुझे वडील कर्जात बुडालेत आणि तू माझ्याशी लग्न केलेस तरच ते वाचतील. मुलगी घाबरली आणि तयार झाली. ग्रेटना ग्रीनला लग्न लागले. तिथल्या कायद्याप्रमाणे तिचे वय पुरेसे होते, तिने 'हो' म्हटले होते आणि साक्षीदार हजर होते. कॅले बंदरात तिचे काका पोहोचले, तेव्हा तिला सत्य कळले आणि ती त्यांच्याबरोबर परत गेली. १८२७ मध्ये लँकेस्टरला खटला चालला, लग्न लावणाऱ्या डेव्हिड लँगची साक्ष झाली, वेकफील्डला तीन वर्षांची कैद झाली आणि ते लग्न रद्द करायला संसदेला खास कायदा करावा लागला. हाच वेकफील्ड पुढे न्यूझीलंडच्या वसाहतीचा एक प्रमुख प्रवर्तक म्हणून इतिहासात गेला. एलनचे पुढे दुसरे लग्न झाले आणि एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात ती वारली.

बाप जिथे पोहोचू शकत नाही ती जागा मुलीला मोकळीक देते, तशीच तिला फसवणाऱ्यालाही देते. सीमेला हेतू कळत नाही. याचा दाखला आपल्याही इतिहासात आहे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण सारडा कायदा म्हणतो, १ एप्रिल १९३० पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. मुलीचे किमान वय चौदा ठरले. पण ब्रिटिश हद्द संपली की संस्थाने होती, फ्रेंच आणि पोर्तुगीज मुलूख होता. मग वऱ्हाडे हद्दीबाहेर जाऊन लहान मुलींची लग्ने लावू लागली. अखेर १९३८ मध्ये दुरुस्ती करून हिंदुस्थानात कुठेही असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांना तो कायदा लागू करावा लागला. ग्रेटनाला मुलगी बापाला चुकवून जात होती, इथे बाप कायद्याला चुकवून मुलीला नेत होता. प्रवास तोच, ओलांडायची रेषाही तशीच. फरक एवढाच, की जायचे कोणी ठरवले.

दुसऱ्या बाजूने, संस्थानाची हद्द चांगल्या कामीही आली. ब्रिटिश मुलखात १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह करायचा, तर 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' अशी यादीच वाचून धर्म नाकारावा लागे. १९२३ मध्ये ती अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती सैल झाली. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती.

५

आता ब्रूअमसाहेबांकडे. कोल्डस्ट्रीमला स्वतः झटपट लग्न केलेल्या या गृहस्थांनी १८५६ मध्ये संसदेत कायदा करवून घेतला, की स्कॉटलंडातले असे लग्न वैध ठरायचे असेल तर दोघांपैकी एकाचा तिथे नेहमीचा रहिवास हवा, नाहीतर लग्नापूर्वी तिथे सलग एकवीस दिवस मुक्काम तरी हवा. १८५७ च्या पहिल्या दिवसापासून तो अमलात आला. तोपर्यंत रेल्वे ग्रेटनाला पोहोचली होती, आणि एरवी लग्नांचा महापूर आला असता. पण एकवीस दिवसांत कोणताही बाप पोहोचतो. पळून जाण्याचा सगळा अर्थ वेगात होता, तो कायद्याने काढून घेतला.

तरी परंपरा मेली नाही. रिचर्ड रेनिसन या शेवटच्या ऐरणीवरच्या पुरोहिताने १९२६ ते १९४० या काळात पाच हजारांहून अधिक लग्ने लावली. १ जुलै १९४० पासून नुसत्या शब्दाने होणारे विवाह स्कॉटलंडातही बंद झाले. दरम्यान १९२९ मध्ये लग्नाचे किमान वय दोघांनाही सोळा केले गेले होते. पालकांची संमती मात्र स्कॉटलंडने कधीच मागितली नाही, त्यामुळे सोळा ते एकवीसमधली इंग्लिश मुले-मुली पुढेही तीन आठवडे तिथे मुक्काम ठोकत. १९७० पासून इंग्लंडने संमतीची वयोमर्यादा अठरावर आणली, आणि पळून जाण्याचे कारणच विरळ झाले.

लोक मात्र येतच राहिले. आज तिथे दरवर्षी हजारो लग्ने लागतात आणि बहुतेकांच्या घरी कोणाचाही विरोध नसतो. लोहाराच्या दुकानात ऐरण आहे, शब्द उच्चारून झाले की तीवर हातोडा मारतात. पुतणीने पाठवलेल्या यादीत नोटिशीचा अर्ज होता, जन्माचे दाखले होते, आणि 'लग्नाआधी निदान एकोणतीस दिवस अर्ज पोहोचला पाहिजे' ही सूचना ठळक अक्षरांत होती. जे गाव नोटीस नको म्हणून प्रसिद्ध झाले, तिथेच आता महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते.

ती सूचना वाचताना मला आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणचा एक फळा आठवला.

६

१९७६ साल. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी. माझी आत्या तेविशीची, पदवीधर. दोन वर्षे स्थळे पाहणे चालले होते आणि आजीने तिच्याकडून रुक्मिणीस्वयंवराचे पारायण करून घेतले होते. एका दुपारी आजोबा बाहेरून आले, टोपी खुंटीला लावली आणि झोपाळ्यावर बसून राहिले. जेवले नाहीत. त्या रात्रीपासून आत्याला बाहेर जायची बंदी झाली. का, ते आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही. अकराव्या दिवशी सकाळी आत्या घरात नव्हती. पुढे कळले की तिने आळंदीला लग्न केले, जातीबाहेर. आजोबा असेपर्यंत ती या घरात आली नाही.

मला इतकेच माहीत होते. राहिलेले या वर्षी जानेवारीत तिच्याकडून ऐकले. मी तिला ग्रेटनाची हकिगत सांगत होतो, तीन रविवारच्या घोषणेपाशी आलो आणि ती म्हणाली, "अरे, माझं तेच झालं ना!"

दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीचा अर्ज केला होता. १९५४ च्या या कायद्याने धर्म नाकारण्याची अट काढून टाकली, पण नोटिशीची अट ठेवली. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस रहिवास हवा. नोटिशीची वही कोणालाही फुकट पाहता येते, आणि तिची प्रत कार्यालयात ठळक जागी लावायची. तीस दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर लग्न. आमच्या गावचे एक गृहस्थ जमिनीच्या कामासाठी जिल्ह्याला गेले होते. त्यांनी फळ्यावर आत्याचे नाव वाचले आणि परतीच्या गाडीने येऊन आजोबांना सांगितले. त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. गावच्या मुलीची गोष्ट, कळवली पाहिजे, एवढेच.

हार्डविकच्या कायद्यातली ती जोडी इथेही आहे. नोटिशीचा हेतू चांगला. कोणाचे आधी लग्न झालेले नाही ना, वय लपवलेले नाही ना, हे कळावे. एलन टर्नरसाठी अशी नोटीस असती तर ती वाचली असती. पण माझ्या आत्यासाठी त्या कागदाने राखणदाराचे काम केले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले, की अशी नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर असावे. तोवर आत्याच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली होती.

मग आळंदी का? कारण दोघेही हिंदू होते. १९४९ च्या कायद्याने हिंदूंमधले आंतरजातीय विवाह वैध ठरवले होते आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधिपूर्वक लागलेल्या लग्नाला आगाऊ नोटीस लागत नाही. गुरुजी, सप्तपदी, साक्षीला चार माणसे, आणि लग्न पक्के. पुण्याजवळचे देवाचे गाव, राहायला धर्मशाळा, लग्न लावणारे गुरुजी हजर. आळंदीला लग्न केले म्हटले की काय ते आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही. लंडनहून ग्रेटनाला जाणाऱ्यांना जसा कायद्यातला एक दरवाजा उघडा सापडला, तसाच पुणे परिसरातल्या जोडप्यांना इथे सापडला.

आणि ते गाव आळंदीच असावे, याचेही मला राहून राहून नवल वाटते. परंपरा सांगते, की संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूंच्या आज्ञेने पुन्हा रुक्मिणीबाईंबरोबर संसाराला लागले, म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यांच्या मुलांना मुंज नाकारली. पुढे त्या मुलांपैकी एकाच्या समाधीने गाव ओळखले जाऊ लागले. ज्या गावाने एक संसार अमान्य केला, त्याच गावात आज घरच्यांना अमान्य असलेले संसार सुरू होतात.

"लग्नाला कोण कोण होतं?" मी आत्याला विचारले.

"ह्यांचे दोन मित्र, माझी एक मैत्रीण, गुरुजी. मंगलाष्टका गुरुजींनी एकट्यानेच म्हटल्या. कन्यादान करायला कोणी नव्हतं, तेही त्यांनीच कुठून तरी एक म्हातारे जोडपे आणून उरकलं." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "तुला एक सांगू? पहाटे मला एसटी स्टँडवर तुझे बाबा घेऊन गेले. सायकलवर. तिकीट काढलं, हातात पन्नास रुपये दिले. मी म्हटलं, दादा, चल ना तू पण. तो म्हणाला, मी आलो तर अण्णांना तोंड दाखवता येणार नाही. गाडी सुटेपर्यंत उभा होता."

वडील जाऊन बारा वर्षे झाली. त्यांनी हे कधी बोलून दाखवले नाही. दर भाऊबीजेला मात्र ते आजोबांना न सांगता कुठेतरी जाऊन येत, हे मला आठवते.

७

भावाला मी फोनवर नाही, घरी जाऊन सगळे सांगितले. फ्लीटच्या गुत्त्यांपासून वडिलांच्या सायकलपर्यंत. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिला विचार, आत्याला न्यायचं का."

मी पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काका, मी तेच म्हणणार होते. इथे दोन साक्षीदार लागतात. एक त्याच्याकडून त्याची आजी. माझ्याकडून आत्याआजी चालेल?" आणि मग, जरा बिचकत, "बाबांना वाटतं मी ती जागा त्यांना चिडवायला निवडली. तसं नाही रे. त्याच्या आजी-आजोबांचं लग्न तिथे झालंय, १९६२ साली, तीन आठवडे एका खोलीत राहून. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची होती."

लग्न मे महिन्यात झाले. भावाच्या मनातला कार्यालयाचा सोहळा आम्ही पुढे जूनमध्ये पुण्यात केला आणि तिथे तीनशे पाने उठली. त्याबद्दल त्याची तक्रार नाही.

एक तपशील सांगून थांबतो. कार्लाइलहून आमची बस निघाली तेव्हा भावाने पिशवीतून हळदकुंकवाची डबी, नारळ आणि टॉवेलटोपी काढली. सार्क नदीचा पूल ओलांडून गाडी थांबवायला लावली. मुलगा आणि त्याचे आईवडील तिथे आधीच येऊन उभे होते, हे त्याने त्यांच्याशी परस्पर ठरवले होते. खरे तर सगळे उलटे होते. आम्ही मुलीकडचे असून वऱ्हाड घेऊन आलो होतो आणि मुलगा आपल्याच गावच्या शिवेवर उभा होता. पण भावाने रस्त्याकडेला त्याला गंध लावले, नारळ दिला, डोक्यावर टोपी घातली. वारा एवढा होता की निरांजन पेटेना. आत्याने पदराचा आडोसा धरला, तेव्हा पेटले.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत साक्षीदाराच्या रकान्यात तिने सही केली. सावकाश, मराठीत, माहेरच्या आडनावासकट.